पायाने आवळलेला नट

या पानावर माझ्याकडून तुम्ही आजवर बियाण्याची उगवणशक्ती, माती परीक्षण, तुरीवरची अळी असले विषय वाचले असतील. आज मात्र एका पान्याची गोष्ट सांगणार आहे. पाना म्हणजे नट-बोल्ट आवळायचा पाना. 'कृषी विस्तार अधिकाऱ्याने पान्यावर काय लिहायचे?' असे तुम्हाला वाटेल. पण आता दारात बैलजोडी कमी आणि चाके जास्त झाली आहेत. ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, एखादी जुनी लहान मोटार, यांतले काहीतरी दर चार घरांआड दिसते. आणि चाक बदलायची वेळ येते तेव्हा मेकॅनिक जवळ नसतो. मग घरातले आपण सगळेच मेकॅनिक होतो. मीही झालो होतो.

गोष्ट 2011 सालची, जानेवारी महिन्यातली. आमचे घर दहिवडीच्या अलीकडे, माण तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी मारुती 800 घेतली होती. गाडी जुनी, पण जिवाला जीव देणारी. मला तिची हौस फार. रविवार आला की धुवायची, तेल बघायचे, चाके काढून पुढची मागे नि मागची पुढे करायची. त्या रविवारीही मी चाके अशीच बदलली. गाडीबरोबर येतो तो एल आकाराचा फूटभर लांबीचा पाना नटाला लावला, हाताने आवळला, आणि मनाला पुरेसे वाटेना म्हणून पान्यावर उजवा पाय देऊन उभा राहिलो. वर दोन उड्याही मारल्या. आई ओसरीवर बसून बघत होती. म्हणाली, "बाळा, किती पिळतोस रं? तुटंल की ते." मी हसलो. म्हटले, "आई, चाक निघून पडण्यापरीस घट्ट असलेलं बरं."

बुधवारी मी राहुरीला प्रशिक्षणासाठी गेलो. गुरुवारी पहाटे, म्हणजे रात्री अडीचच्या सुमारास, आई पाणी प्यायला उठली आणि उजव्या अंगावर कोसळली. तोंड वाकडे झाले, बोलणे फुटेना. आज असे झाले तर आपण 108 ला फोन करतो. पण ती सेवा आपल्या महाराष्ट्रात 2014 साली सुरू झाली. तेव्हा ती नव्हती. गावातल्या जीपला फोन केला तर जीप वऱ्हाड घेऊन परगावी गेलेली. माझी पत्नी गाडी चालवायला शिकली होती. तिने पुतण्याला बरोबर घेतले, आईला मागच्या सीटवर निजवले आणि साताऱ्याची वाट धरली.

पुसेगाव मागे पडले आणि डावीकडचे मागचे चाक बसले. पंक्चर. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, बॅटरी होती. पंधरा मिनिटांचे काम. पण नट निघेनात. चार नटांपैकी एकही हलेना. पुतण्या तेव्हा अठरा वर्षांचा, अंगाने किरकोळ. त्याने हाताने ओढून पाहिले, पायाने दाबून पाहिले. एका नटावर पाना घसरला आणि नटाचे कोपरे गोल झाले. पत्नीने पदर खोचला आणि तीही पान्यावर उभी राहिली. दोन मोटारी आल्या त्या न थांबता गेल्या. मध्यरात्री रस्त्यात हात करणाऱ्यासाठी कोण थांबतो?

शेवटी उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याच्याजवळ चार फुटी लोखंडी पाइप होता. तो पान्याला जोडून त्याने एक नट सोडवला, मग दुसरा. कोपरे गेलेल्या तिसऱ्यावर मापापेक्षा जरा लहान गोटी ठोकून बसवली, तेव्हा तोही निघाला. चौथ्याला पीळ दिला तो स्टडच मोडून हातात आला. म्हणाला, "ताई, ह्यो नट कुणी आवळलाय? बैलानं का?" पत्नी काही बोलली नाही. तीन नटांवर स्टेपनी चढवून ती मंडळी साताऱ्याला पोचली तेव्हा दिवस उगवला होता. रस्त्यावर दीड तासाच्या वर गेला.

डॉक्टरांनी मला दुपारी सगळे समजावून सांगितले. मेंदूच्या शिरेत गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. गाठ आहे की रक्तस्राव, ते आधी तपासून घ्यावे लागते. सगळे होईपर्यंत आईची ती मुदत टळून गेली होती. मी विचारले, "दीड तास आधी आली असती तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. फरक पडला असता, कदाचित नसताही." आई त्यानंतर सात वर्षे जगली. चालू लागली, बोलू लागली. पण उजव्या हाताची मूठ शेवटपर्यंत पुरती वळली नाही. भाकरी थापायची ती गेलीच. तिने मला त्या नटाबद्दल कधी एक शब्दही विचारला नाही. पत्नीनेही नाही. त्यामुळे ते माझ्याजवळच राहिले.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मी 1993 साली बी.एस्सी. कृषी झालो. शेती अवजारांचा विषय होता, त्यात टॉर्क म्हणजे काय हे शिकलो होतो. 'बल गुणिले अंतर' असे पेपरात लिहून गुणही मिळवले होते. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात एक लांब दांड्याचा, आकडे कोरलेला पाना टांगलेला असे. तो टॉर्क पाना. परीक्षा झाली आणि कपाट तिथेच राहिले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा ते गणित स्वतःवर केले. माझे वजन तेव्हा 72 किलो. पाना 30 सेंटिमीटरचा, म्हणजे 0.3 मीटर. 72 गुणिले 0.3 म्हणजे 21.6 किलो-मीटर. एक किलो-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर, तेव्हा झाले 212 न्यूटन-मीटर. हे नुसते उभे राहिल्याचे; उड्यांचा हिशेब वेगळा. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

टॉर्क म्हणजे आपल्या भाषेत पीळ. गाडीवर कडबा भरून आपण चऱ्हाट ओढतो ना, तसेच हे आहे. चऱ्हाट ढिले राहिले तर कडबा हलतो, घसरतो. ताणले की भारा गाडीशी एकजीव होतो. प्रमाणाबाहेर ताणले की चऱ्हाट तुटते. बोल्टही आवळताना केसभर लांबतो आणि मागे ओढ धरतो. ही ओढच चाकाला जागेवर दाबून ठेवते. मर्यादेपलीकडे ताणला की तो कायमचा लांबतो, आटे मरतात, नाहीतर मोडतो. युरिया दुप्पट टाकला म्हणून गहू दुप्पट येत नाही, उलट लोळतो, हे मी गावोगाव सांगत फिरलो. नटाच्या बाबतीत मात्र माझा हिशेब 'आणखी एक पोते' असाच होता.

माणूस एका चुकीतून सुटताना दुसरीत कसा पडतो तेही ऐका. त्या प्रसंगानंतर मी धास्तावलो. नवे स्टड टाकून घेतले आणि नट बेताने, हलक्या हाताने आवळू लागलो. शिवाय पुढच्या वेळी सहज निघावेत म्हणून आट्यांना ग्रीस चोपडले. महिन्याभराने कोरेगावजवळ मागून टक-टक आवाज येऊ लागला. उतरून बघतो तर दोन नट बोटांनी फिरत होते आणि चाकाच्या पत्र्यातली भोके लांबट झाली होती. आणखी पाच-दहा किलोमीटर गेलो असतो तर काय झाले असते ते सांगायला नको.

ग्रीसबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल, कारण ही चूक चांगली माणसे चांगल्या हेतूने करतात. आपण नटाला जो पीळ देतो त्यातला साधारण नऊ दशांश भाग घर्षणातच जातो. थोडा नटाच्या बसणीवर, थोडा आट्यांमध्ये. रुपयातले जेमतेम दहा पैसे बोल्ट ताणण्याच्या कामी येतात. आता आट्यांना तेल दिले की घर्षण घटते आणि तेवढ्याच पिळात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणजे ग्रीस लावून पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळले तर तो आकडा खोटा ठरतो. चाकाच्या नटांना पुस्तिकेत मुद्दाम सांगितले नसेल तर तेल-ग्रीस लावू नये. तारेच्या ब्रशने आटे घासावेत, फडक्याने पुसावेत, बस्स. चाक आणि हब जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज, चिखल, रंगाचे पोपडेही खरवडून काढावेत. तिथे माती राहिली तर ती पहिल्या दहा-वीस मैलांत दबते आणि घट्ट नट आपोआप ढिले होतात.

त्या कोरेगावच्या टक-टकीनंतर मी टॉर्क पाना विकत घेतला. बाजारात हे पाने तीन-चार तऱ्हेचे येतात. एक काट्याचा: दांडा आवळताना वाकतो आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो. साधा, स्वस्त, मोडण्यासारखे त्यात काही नाही. काटा वाकून शून्यावरून सरकला तर हलकेच पुन्हा शून्यावर आणता येतो. पण आकडा अगदी समोरून बघावा लागतो, आणि रात्री चिखलात वाकून तो दिसत नाही. दुसरा टिचकीचा: मुठीजवळचा भाग फिरवून आकडा लावायचा, तेवढा पीळ झाला की पाना 'टक्' करतो आणि हाताला झटका जाणवतो. तिसरा बॅटरीवर चालणारा आकड्यांचा. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूत सेल घालून ठेवायचे आणि ते फुटून गळायचे, हे मला पटत नाही. घरगुती कामाला टिचकीचा पाना चांगला, असे माझे मत. हात तंगीत असेल तर काट्याचा घ्या, तोही खोटे बोलत नाही.

घेताना सगळ्यात आधी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा बघावा. लहान मोटारींच्या चाकांना साधारणपणे 80 ते 110 न्यूटन-मीटर असतो. माझ्या आताच्या गाडीला 85 आहे. टिचकीचा पाना आपल्या पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला भरवशाचा नसतो. 200 च्या पान्यावर 40 च्या खाली मी जात नाही. म्हणून 40 ते 200 किंवा त्याच्या आसपासचा, अर्धा इंची चौकोनाचा पाना घेतला की मोटार आणि जीप दोन्हीची चाके भागतात. या पान्याने स्पार्क प्लग आवळायला जाऊ नका. प्लगला 20-25 च्या घरात पीळ लागतो, त्याला लहान पाना वेगळा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना तर कितीतरी जास्त पीळ लागतो. तेवढा मोठा पाना घरात ठेवणे परवडत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी ते समोर उभे राहून करून घ्यावे, आणि मधल्या काळात नट हलला नाही ना एवढे बघत राहावे.

दुकानात पान्यावर कोणते माप कोरले आहे तेही नीट वाचा. काहींवर न्यूटन-मीटर, काहींवर किलो-मीटर, काहींवर फूट-पौंड, काहींवर दोन-दोन पट्ट्या असतात. पुस्तिकेतले 85 न्यूटन-मीटर तुम्ही फूट-पौंडाच्या पट्टीवर लावले तर प्रत्यक्षात 115 न्यूटन-मीटर पीळ बसेल. पान्याबरोबर तपासणीचा कागद येतो का ते विचारा. चांगल्या टिचकीच्या पान्यात शेकडा चारपेक्षा जास्त फरक नसावा असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे.

घरी पाना तपासायची एक युक्ती सांगतो. आपल्या काट्यावरची वजने इथे कामी येतात. पान्याचे चौकोनी टोक शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये पक्के धरायचे, दांडा आडवा ठेवायचा. चौकोनापासून मोजून 40 सेंटिमीटरवर 20 किलोचे वजन दोरीने टांगायचे. 20 गुणिले 0.4 म्हणजे 8 किलो-मीटर, म्हणजे सुमारे 78 न्यूटन-मीटर. पान्याचे स्वतःचे वजन थोडे भर घालते, ते धरून चालावे. आता पाना 70 वर लावून वजन हलकेच सोडले तर टिचकी वाजायला हवी, आणि 95 वर लावला तर वाजता कामा नये. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण पाना साफ बिघडला असेल तर कळते.

आता वापर. चाक बसवले की नट आधी हाताने फिरवावेत. निदान तीन-चार आटे बोटांनी सहज गेले पाहिजेत. गेले नाहीत तर आटे तिरके धरले आहेत, पुन्हा काढावे. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. मग साध्या पान्याने बेताचे टेकवावेत, एकामागून एक नव्हे तर समोरासमोर. चार नट असतील तर फुलीसारखे, पाच असतील तर एकाआड एक, चांदणी काढतो तसे. जॅक खाली घेऊन चाक जमिनीला टेकले की टॉर्क पाना लावायचा. मूठ बरोबर मधोमध धरायची आणि हिसका न देता सावकाश ओढायचे. टिचकी वाजली की थांबायचे. इथेच हात शिवशिवतो. 'आणखी एक टक्' करायचा मोह होतो, तो प्रत्येक टक् नटाला थोडा पुढे नेतो. माझ्या 45 सेंटिमीटरच्या पान्यावर 85 साठी सुमारे 19 किलोची ओढ पुरते, म्हणजे भरलेली घागर उचलण्याएवढी. पहिल्यांदा केले तेव्हा मला विश्वासच बसेना. एवढ्यानेच झाले?

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आधीच जादा आवळलेल्या नटाला हा पाना लावला तर तो न हलताच टिचकी देईल आणि आपण समजू की सारे बरोबर आहे. टिचकी फक्त 'निदान इतके आहे' असे सांगते, 'जास्त आहे' असे सांगत नाही. म्हणून पंक्चरवाल्याने हवेच्या बंदुकीने चाक ठोकून दिले असेल तर घरी आल्यावर एकेक नट साध्या पान्याने सैल करून पुन्हा टॉर्क पान्याने आवळावा. मी हे न चुकता करतो. पंक्चरवाल्यांना माझा राग येत असेल, येवो. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा बघावे.

नट सोडवायला टॉर्क पाना कधीही वापरू नये, आणि त्याला पाइप तर मुळीच जोडू नये. काम झाले की पाना पट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, कारण आत स्प्रिंग असते, ती दाबलेली राहिली तर थकते. पण खालच्या आकड्याच्याही खाली उगीच सोडवत जाऊ नये. बरेच महिने पेटीत पडून असेल तर कमी आकड्यावर चार-पाच टिचक्या घेऊन मग कामाला लावावा, म्हणजे आतले ग्रीस फिरते.

पाना भावकीत मिळून घ्यावा का? घ्यावा, पाच घरांना एक पुरे. फक्त मागायला येणाऱ्याला चार गोष्टी सांगून द्यावा. माझा पहिला पाना एका शेजाऱ्याने ट्रॉलीचा गंजलेला बोल्ट सोडवायला नेला, आणि परत आणला तेव्हा तो 40 वरही वाजेना नि 200 वरही वाजेना. "दादा, लई चांगला हाय तुमचा पाना, लांब दांड्याचा," असे वर म्हणाला. मी काय बोलणार? मी त्याच वस्तूचे शिक्षण घेऊन वीस वर्षे विसरलो होतो.

मागच्या दिवाळीत पत्नीने एकदा अंगणात चाक बदलले. मुद्दाम, मी ओसरीवर बसलेला असताना, आईच्या जागेवर. चारही नट तिने साध्या पान्याने, एकटीने सोडवले. शेवटच्या नटाला जरा जोर लागला तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले, ते तिला दिसले असावे. नट निघाला. चाक चढवून तिने टॉर्क पाना लावला, चार टिचक्या वाजल्या. "अहो, पंच्याऐंशीच ना?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने आकडा खाली आणला, पाना फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला. ती पेटी आमच्या माजघरात कोनाड्यात असते. आज मात्र तिथे नाही. वरच्या आळीतले एक जण सकाळी घेऊन गेले आहेत, जीपची चाके बघायला. संध्याकाळी आणून देतो म्हणालेत.